तात्यांची भूमिका माझी होती

कॉर्मक,

तुला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून हे मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहिलं असतं तर नोरानं ते तुझ्या एखाद्या मित्राच्या हातात दिलं असतं. तुझे मित्र सगळे नट. त्यांतल्या कुणीतरी उभं राहून, आवाज खाली घेऊन ते असं काही वाचलं असतं की हे मी लिहिलंय यावर माझाच विश्वास बसला नसता. मराठीत ती भीती नाही. मराठीत माझ्यावर कुरघोडी करणारा आख्ख्या साउथहॅम्प्टनमध्ये एकच परका माणूस होता आणि त्याला परवा मंगळवारी आम्ही निरोप देऊन आलो.

तर आधी सरळ सांगून टाकतो. मला तुझा हेवा वाटतो. वाटायचा नव्हे, वाटतो. माणूस गेला की असलं सगळं धुऊन निघतं म्हणतात; माझं काही निघालेलं नाही. उलट मंगळवारी त्यात भरच पडली. चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. लोक मागे भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांतले कितीतरी तुला आयुष्यात कधी भेटलेलेही नव्हते. मी रिटायर झालो तेव्हा समोसे उरले होते. "गेलेल्या माणसाचा कसला हेवा करता?" असं सुलभा म्हणाली. माझी बायको जन्मभर जीपी म्हणून लोकांची दुखणी ओळखत आली, पण माझं दुखणं तिला कायम पित्तच वाटतं.

आपली ओळख नोरामुळे झाली. ती रिकव्हरी वॉर्डची सिस्टर. मी पेशंटला झोपवायचो आणि ती जागं करायची. एका ख्रिसमसच्या पार्टीत ती नवऱ्याला घेऊन आली आणि मी तुला बघताक्षणी ओळखलं. त्या अमेरिकन सिनेमातला पाद्री. वादळात बोट बुडत असते आणि किनाऱ्यावर उभा राहून तो प्रार्थना म्हणायची सोडून बुडणाऱ्या एकेकाचं नाव घेत राहतो. आठ-दहा मिनिटांचं काम, पण सिनेमातलं बाकी काही कुणाला आठवत नाही. मी तसं तुला सांगितलं नाही. तू काय करतोस, असं तू मला विचारलंस. मी म्हणालो, थिएटरमध्ये असतो. "मीही," तू म्हणालास. "तुझा प्रेक्षक कसा असतो?" मी म्हटलं, झोपतो. "माझाही. फरक एवढाच, की तुझा झोपला नाही तर तुझी नोकरी जाते." सगळे हसले. भूल देणाऱ्या डॉक्टरला हा विनोद आधी सुचायला हवा होता. इतकी वर्षं त्या थिएटरमध्ये उभा होतो, सुचला नव्हता.

मग हळूहळू तुझी गोष्ट कळत गेली. आयर्लंडात क्लेअरमधलं छोटं गाव, वडिलांचं खाटकाचं दुकान. सतराव्या वर्षी एका शनिवारी, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, तू एप्रन काढून खुंटीला अडकवलास आणि दुपारची डब्लिनची बस पकडलीस. हे तू इतकं सहज सांगायचास, जणू काही सगळेच एप्रन असे खुंटीला अडकवता येतात. माझाही एक एप्रन होता, पांढरा. पुण्यात मेडिकलला असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी अभिनयाचं पहिलं बक्षीस घेतलं होतं. परीक्षक म्हणून आलेले दिग्दर्शक नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, आमच्याकडे ये, काम देतो. वडील म्हणाले, आधी डिग्री. त्या डिग्रीनंतर आणखी एक डिग्री आली, मग लग्न, मग व्हिसा. कुणी अडवलं नाही रे मला. खुंटी समोरच होती, पण माझा हातच वर गेला नाही.

तुझ्या वडिलांनी तुझ्याशी कितीतरी वर्षं बोलणं टाकलं. मग एकदा न कळवता डब्लिनला आले, शेवटच्या रांगेत बसले आणि नाटक संपल्यावर म्हणाले, "ओरडत नाहीस, बरं आहे." एवढंच. तू ते सांगताना डोळे पुसायचास. माझे वडील माझ्या प्रत्येक कामाला "उत्कृष्ट" म्हणायचे. त्यांचं उत्कृष्ट मला एकही आठवत नाही, आणि तुझ्या वडिलांचं "बरं आहे" मात्र मला पाठ आहे.

डब्लिनच्या त्या नाटक मंडळीत म्हातारा नट मिळेना म्हणून विशीतल्या तुला दाढी चिकटवली. मग तू म्हाताराच होऊन बसलास. पुढे लंडनला आलास. "त्या काळात आयरिश नटाला इथं दोनच कामं होती," तू सांगायचास, "दारू प्यायची किंवा बॉम्ब ठेवायचा. मी दोन्ही मन लावून केली." मग हवालदार, पाद्री, घोड्यांचा व्यापारी, आणि शेवटी लंडनच्या मोठ्या रंगमंचावर तो आंधळा राजा. आम्ही दोघं ट्रेननं ते बघायला आलो होतो. पडदा पडल्यावर सुलभा खुर्चीतून उठेना. परतीच्या ट्रेनमध्ये मी म्हणालो, तिसरा अंक जरा लांबला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, तुम्ही थोडा वेळ गप्प बसता का?"

इथपर्यंतचा हेवा मला झेपत होता. तू तुझ्या जागी, मी माझ्या. पण मग तू माझ्या मैदानात आलास, आणि तुला बोलावणं करायला मीच पेढे घेऊन आलो होतो.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी नाटक असतं. त्या वर्षी मी स्वतः एक लिहिलं. इंग्रज कलेक्टरसाहेबाला बंगल्यासाठी गावचं तळं बुजवायचंय आणि तात्या नावाचा म्हातारा आडवा येतो. तात्या हरतो. शेवटी घरी येऊन मेलेल्या बायकोच्या फोटोसमोर उभा राहतो आणि मन मोकळं करतो. ते स्वगत दोन पानांचं होतं. त्यात माती हा शब्द फार वेळा येतो असं सुलभाचं मत आहे. ती दोन पानं मी कुणासाठी लिहिली होती हे वेगळं सांगायला नको. पुण्यातल्या त्या स्पर्धेपासून मी त्या दोन पानांची वाट बघत होतो.

गोऱ्या साहेबाच्या कामाला दर वेळी आमच्यातल्याच कुणाच्यातरी तोंडाला पावडर फासावी लागायची. मी म्हटलं, आपल्या ओळखीत खरा गोरा नट आहे, त्यालाच विचारू. कमिटीत कुणाला काही वावगं वाटलं नाही. आम्हा सगळ्यांची निम्मी हयात या देशात गेली, मुलं इथं वाढली, आणि आयरिश माणसाला इंग्रज साहेब हो म्हणून सांगायला मी तुझ्या दारात उभा. मी भूमिका सांगितली तेव्हा नोरानं हातातली किटली खाली ठेवली. तू जो हसायला लागलास तो खोकला येईपर्यंत. "अवि, माझी आजी थडग्यातून उठून क्लेअरहून चालत येईल." मग डोळे पुसत विचारलंस, "आणि म्हातारा कोण करतोय?"

मी म्हटलं, मी.

"त्याला बोलायला काय काय आहे?"

इथं मी घोळ घातला. तुमच्या बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर उभा राहून, मी तुला दोन्ही पानं करून दाखवली. मराठीतून. तू एक शब्द न समजता शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालास, "मला म्हातारा द्या." मी हसलो. तू हसत नव्हतास.

मला वाटलं कमिटी नाही म्हणेल. सुलभा कमिटीची सेक्रेटरी. "अहो, इमॅजिन करा ना. लेस्टरहून लोक येतील, हाउन्सलोहून येतील. प्रॉपर फिल्म अ‍ॅक्टर, आणि तोही मराठीत. ऑलमोस्ट सगळे हो म्हणालेत."

"आणि मी?"

"तुम्हाला कलेक्टर आहे की. तसे तुम्ही जरा गोरेच आहात."

अशा रीतीनं एका मराठी माणसाच्या नाटकात मराठी माणूस साहेब झाला आणि साहेबांच्या नावानं बोटं मोडणारा आयरिश माणूस मराठी झाला. वर तालमीत मला इंग्रज व्हायला शिकवायला पुन्हा तूच. "तू परवानगी मागितल्यासारखा उभा राहतोस. त्यानं कधी परवानगी मागितलेली नाही. जमीन त्याचीच आहे." मी छाती काढून उभा राहिलो. "वा," तू म्हणालास, "तू जन्मजात कलेक्टर आहेस." ते कौतुक होतं असं तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास. आपला हा वाद मिटलेला नाही, आणि तू गेलास म्हणून मी तो सोडलाय असं समजू नकोस.

पण खरा हेवा तिथून पुढचा. तुला वाक्यं कोण शिकवणार? मी ड्यूटीवर, सुलभा तिच्या दवाखान्यात. घरात रिकामी होती फक्त आई. वडील गेल्यावर मी तिला मिरजेहून इकडे आणलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, तुला मराठी येत नव्हतं. मला वाटलं दोन दिवसांत दोघंही कंटाळतील. तू दुपारी बसनं यायचास, बूट काढून तिच्यासमोर बसायचास आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचास. मी फोनवर वाक्यं रेकॉर्ड करून देतो म्हटलं, तर तू नको म्हणालास. माणूस बोलायच्या आधी काय करतो ते फोनमध्ये येत नाही, हे तुझं म्हणणं. ती एक वाक्य म्हणायची, तू म्हणायचास. तिच्याकडून शिकल्यामुळे पहिले काही दिवस तात्या बायकी बोलायचे, "मी येते", "मी जेवले". आई पदर तोंडाला लावून हसायची. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

लहानपणी मी पाहुण्यांच्या नकला करायचो तेव्हा आई मला "नाटक्या" म्हणायची. घरात तो मान माझा होता. आता मी कामावरून आलो की ती मला विचारायची, "उद्या यायचाय ना नट?" मी डॉक्टर आणि तू नट. तुला लसणाची चटणी झोंबायची आणि तरी तू सोडा ब्रेडला लावून खायचास, म्हणून चटणीचा डबा तुझ्यासाठी वेगळा निघायचा. नाटक झाल्यावरही तुझं येणं थांबलं नाही. तिला घेऊन तू धक्क्याजवळच्या बागेत क्रूझची जहाजं बघायला जायचास. तिला इथं आणल्यावर मी तिला एकदाच तिथं नेलं होतं, तेही माझं पार्किंग संपत आलं म्हणून लवकर परत आणलं. तू एकदा घरी येऊन तिचं मला ऐकवलंस, "एवढी मोठी बोट, चालवतो कोण?" मी खूप हसलो. माझ्याशी ती असलं काही बोलली नव्हती.

प्रयोगाच्या दिवशी शाळेचा तो हॉल भरला होता. मी माझं काम केलं, तळं बुजवायचा हुकूम दिला, टोपी काखेत मारून विंगेत आलो आणि तिथंच उभा राहिलो. तू शेवटच्या प्रवेशाला आलास. पागोटं काढून खुंटीला अडकवलंस. फोटोकडे वळलास. मी ओठांत माझं पहिलं वाक्य म्हणू लागलो. तू म्हणेनास. किती वेळ गेला कोण जाणे. लाइटवाल्या पोरीनं माझ्याकडे घाबरून बघितलं. मग तू एक बारीकसा श्वास सोडलास, मान थोडी कलती केलीस आणि म्हणालास, "बरं, असू दे."

आणि खाली बसलास. बस. नाटक संपलं.

मग जे झालं ते तुला माहीतच आहे. मिशीवाले कन्सल्टंट डॉक्टर हुंदके देत होते. माझी मुक्ता, इथं जन्मलेली, मंडळात यायला नाही नाही म्हणणारी पोर, विंगेत येऊन माझा कोट धरून म्हणाली, "बाबा, आजीची आवाज आली ना? इट वॉज आजी." पहिल्या रांगेत बसलेली आई शेजारणीला सांगत होती, "दोन्ही पानं पाठ होती बरं का मेल्याला."

मेकअपच्या खोलीत मी तुला गाठलं. माझ्या तोंडाची पावडर अजून तशीच होती. मी विचारलं, माझी दोन पानं कुठं गेली? "म्हटली की. मनात," तू म्हणालास. "अवि, तो दिवसभर भांडून आलाय. इतका दमलेला माणूस दोन पानं बोलत नाही. मी तुझ्या आईला मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, तात्या घरी येऊन काय म्हणतील? तिनं सांगितलं."

बरं, असू दे. भाजी करपली की आई हे म्हणायची. आम्ही सुट्टीत येत नाही असं कळवलं की फोनवर हे म्हणायची. वडिलांना नेलं तेव्हा दाराला टेकून हेच म्हणाली होती. आधी एक श्वास, मग "बरं", मग जरासं थांबून "असू दे". मी जन्मभर ते ऐकलं आणि लिहायला बसलो तेव्हा माती लिहिली. तुला भाषा येत नव्हती आणि तुझ्या कानानं नेमकं तेवढंच उचललं. तुझं नाव, तुझा राजा, तो पाद्री, चर्चमधली ती गर्दी, हे सगळं तुझ्याकडे राहू दे, मला काही नको त्यातलं. हा कान मात्र मला हवा होता.

आई दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. तू आलास, बूट काढलेस, जमिनीवर बसलास आणि नेमक्या वेळी गप्प राहिलास. माझ्याकडे तिचा आवाज नाही. फोनवर तिच्या पुष्कळ क्लिप्स आहेत, पण फोन समोर धरला की ती ताठ व्हायची आणि म्हणायची, "झालं का? बंद कर ते." सगळ्या क्लिप्समध्ये तेवढंच आहे. तिचं नेहमीचं बोलणं आता जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, आणि ते ठिकाण तू होतास.

म्हणून पुढच्या वसंतात मी तुला म्हटलं, एकदा आई कर. तू सगळ्यांच्या नकला करायचास. मंडळाच्या अध्यक्षांची, नोराच्या मॅट्रनची, टीव्हीवरच्या मंत्र्यांची. माझीही करायचास, माझ्या मागे. आमच्या किचनमधून तुझा दबका आवाज आणि सुलभाचं हसणं मी जिन्यात उभा राहून ऐकलेलं आहे. तेव्हा माझी खात्री होती की तू तिथं आईही करतोस. सगळ्यांना मिळते, मला नाही.

"तिची नक्कल मी करत नाही," तू म्हणालास.

"नक्कल नको. एक वाक्य म्हण. नाटकात म्हणालास ना?"

"ते तात्या म्हणाले. अवि, तुला माझी गरज नाही. ती तुझ्याकडे आहे. तू स्वतःचं ऐकत नाहीस, एवढंच."

मी चिडलो. म्हटलं, ही नटांची पोपटपंची मला सांगू नकोस. माझी आई आहे आणि मी तुझ्याकडे तिची भीक मागतोय. तू उठलास, कोट घातलास. त्यानंतर बरेच दिवस तू आला नाहीस आणि मीही फोन केला नाही. मग नोराचा फोन आला. तुझ्या फुफ्फुसाच्या आजाराचं निदान झालं होतं, आणि त्यापुढे आपलं भांडण काढायची सोय राहिली नाही.

वॉर्डात मी रोज यायचो. जिथं मी हक्कानं वावरलो तिथं व्हिजिटर म्हणून खुर्ची शोधत फिरायचो. तुझ्या तोंडावर मास्क. आयुष्यभर लोकांच्या तोंडावर मास्क ठेवणारा मी, तो तेवढा एकदा काढावा आणि तुला ते तीन शब्द म्हणायला लावावेत, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, अगदी शेवटच्या दिवशीही वाटलं. तूच मास्क जरा बाजूला केलास. मी कान जवळ नेला. "कलेक्टर कसा आहे?" तू विचारलंस. मी म्हटलं, बरा आहे. तू डोळे मिटलेस. मला राग आला होता, आणि तुझा हात माझ्या हातात होता.

मंगळवारचं सांगतो. तुझा निरोप तुला बघता आला नाही याचा मला थोडा आनंद आहे. नोरानं मला आधीच सांगितलं होतं, "तुझ्या भाषेत काहीतरी म्हण. त्याला आवडेल." मी काय ठरवलं असेल? ती दोन पानं. आता तू मधे येणार नव्हतास. मी ती गाडीत म्हटली, आंघोळीला म्हटली, सुलभाला ऐकवली. ती म्हणाली, "माती जरा कमी करा." मी नाव पुकारल्यावर पुढे गेलो. शवपेटीवर तुझी टोपी ठेवली होती. समोर लंडनहून आलेले तुझे सगळे मोठमोठे नट. असा प्रेक्षक मला जन्मात मिळाला नव्हता आणि आता मिळणारही नाही. छाती काढून उभा राहिलो, पहिलं वाक्य तोंडाशी आणलं. आणि तुझ्या टोपीकडे नजर गेली.

"बरं, असू दे," मी म्हणालो. आणि जागेवर येऊन बसलो.

एवढंच. चर्चमध्ये कुणाला त्याचा अर्थ कळला नसणार. तरी पुढच्या बाकावरच्या बाईंनी रुमाल काढला. नंतर पबमध्ये हॅम सँडविचच्या टेबलापाशी तुझा तो पांढऱ्या केसांचा दोस्त आला, राजाच्या नाटकात तुझा विदूषक झालेला. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "हुबेहूब कॉर्मक. डोळे मिटले तर तोच होता."

मी म्हटलं, "नाही. ती माझी आई होती." जरा जोरातच म्हटलं असावं. दोघंतिघं वळून बघायला लागले.

कार पार्कमध्ये सुलभा म्हणाली, "काय गरज होती त्या बिचाऱ्यावर खेकसायची?"

"मग काय? आईचं वाक्य, आणि हा म्हणतो कॉर्मक."

"आईंचं काय, कॉर्मकचं काय. तुमचंच आहे ते."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"किचनमध्ये तो तुमचीच नक्कल करायचा, अहो. चष्मा शोधतोय, सापडत नाही, मग असा श्वास सोडायचा आणि बरं, असू दे. मी हसून हसून मरायची. तुम्ही रोज म्हणता ते. चहा गार झाला की म्हणता, मुक्ताचा फोन आला नाही की म्हणता. नाटकाच्या आधी त्यानं मला मधे घालून आईंना विचारलंसुद्धा होतं, अवि हे कुठून शिकला? आईंची नक्कल त्यानं माझ्यासमोर कधी केली नाही. एकदाही नाही."

म्हणजे आईला विचारण्याआधीच तू ते माझ्यात ऐकलं होतंस. मिरजेत आई म्हणायची ते आईकडून मी उचललं, माझ्याकडून तू. "ती तुझ्याकडे आहे," तू म्हणाला होतास, आणि मी त्याला पोपटपंची म्हटलं होतं. स्पष्ट सांगायला काय झालं होतं रे तुला? तोंडावर सांगितलं असतंस, की अवि, तू ते रोज म्हणतोस, तर मी मानलं नसतं, हे खरं. पण सांगायचं तरी.

किल्ली काढायला कोटाच्या खिशात हात घातला. नव्हती. दुसऱ्या खिशात नव्हती. पँटच्या खिशात नव्हती. पबच्या टेबलावर राहिली असणार, आता परत आत जाऊन त्या विदूषकाला तोंड दाखवायचं होतं. मी श्वास सोडला.

"बरं, असू दे."

सुलभा हसली नाही, नुसती बघत राहिली. मी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या आवाजाकडे नीट कान दिला. आई ऐकू येईल म्हणून वाट बघत उभा होतो. ऐकू आलास तो तू.

राहा आता तिथंच.